काट्याजवळचं लोखंड

मित्रांनो, माझं नाव जरा लांबलचक आहे. पहिल्याच वाक्यात ते सांगितलं तर तुम्ही पान उलटाल, अशी मला भीती वाटते. पण नाव न सांगता बोलत सुटणंही बरं दिसत नाही. मी एक जुना टँजंट गॅल्व्हनोमीटर आहे. तारेतून किती वीज वाहते आहे हे सांगणं माझं काम. कॉलेजातली मुलं मला नुसतं 'टीजी' म्हणतात आणि त्यातली वात्रट मुलं 'चाक' म्हणतात. तुम्हाला जे सोपं पडेल ते म्हणा.

मला गोष्ट नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. माझा काटासुद्धा एकदम बोलत नाही. आधी इकडे जातो, मग तिकडे जातो, डोलत राहतो आणि बऱ्याच वेळाने एका जागी थांबतो. माझं सांगणंही तसंच होईल. थोडा धीर धरा.

दिसायला मी साधा आहे. एक उभं लाकडी कडं, त्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी आणि कड्याच्या मधोमध एक गोल डबी. डबीत बोटाच्या पेराएवढी चुंबकाची सुई एका टोकावर तोललेली आहे. सुईला आडवा, लांब, हलका काटा जोडलेला आहे. काट्याखाली अंशांच्या खुणा आणि आरसा. वेटोळ्यांतून वीज गेली की सुई वळते, आणि ती किती अंश वळली त्यावरून विजेचं माप काढता येतं. आरसा अशासाठी की काट्याकडे तिरकं पाहिलं तर आकडा चुकतो. बरोबर वरून पाहिलं की काटा स्वतःच्या प्रतिबिंबावर बसतो, तेव्हाच आकडा खरा. म्हणून माझ्यासमोर बसून काम होत नाही. उभं राहून, वाकून पाहावं लागतं.

मला घडवणारे यंत्रकार कमी बोलायचे. त्यांच्या कारखान्यात तीनच माणसं होती: ते स्वतः, एक सुतार आणि त्यांची सून. तार गुंडाळायचं काम सुनेचं. ती ओठांतल्या ओठांत वेढे मोजायची, आणि मध्येच कुणी हाक मारली तर वेढा पुरा होईपर्यंत ओ द्यायची नाही. माझ्या अंगात लोखंडाचा एक खिळासुद्धा नाही. स्क्रू पितळेचे, पाय लाकडाचे. मला न्यायला कॉलेजातून माणूस आला तेव्हा यंत्रकारांनी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि खिशातल्या किल्ल्या काढून ठेवायला लावल्या. मग म्हणाले, "हा खोटं बोलत नाही. पण जवळ जे असेल त्या सगळ्याचं ऐकतो. तेव्हा जवळ काय आहे, ते तुम्ही बघायचं."

त्या माणसाने मान डोलावली. कॉलेजात पोचेपर्यंत तो बहुधा हे विसरला असावा.

नव्याची नवलाई मीही अनुभवली. पहिल्या वर्षी मला पाहायला वरच्या वर्गातली मुलं यायची. प्रयोगशाळेतले काका मला रोज मऊ फडक्याने पुसायचे आणि संध्याकाळी माझ्यावर कापड घालायचे. मला कोपऱ्यातलं टेबल दिलं होतं. ते लाकडी खुंट्यांनी जोडलेलं होतं. किती मुलांनी माझ्यावर हात बसवला, ते मला सांगता येणार नाही. काटा लवकर थांबावा म्हणून मुलं काचेवर टिचक्या मारायची. मला ते आवडायचं नाही, पण मी सहन करायचो. शिकणाऱ्याच्या टिचक्या सहन कराव्याच लागतात.

पण तुम्हाला सांगायची आहे ती गोष्ट माझी कमी आणि एका मुलाची जास्त आहे.

तेव्हा मी बराच जुना झालो होतो. विद्युत आणि चुंबकत्व या विषयाची प्रॅक्टिकलं एक तरुण सर घ्यायचे. माणूस वाईट नव्हता. दोन तुकड्यांचं काम त्यांच्या एकट्यावर होतं, आणि बोलताना त्यांचा एक डोळा कायम घड्याळावर असायचा. तास सुरू झाला की ते दारापाशी उभे राहायचे. "किल्ल्या, चाकू, मोबाइल, बक्कलवाला पट्टा, सगळं टोपलीत टाका. काट्याजवळ लोखंड नको." मुलं रांगेने वस्तू टाकायची आणि आत यायची.

त्यांचा नियमही कडक होता. प्रॅक्टिकलं क्रमाने करायची. पहिल्यावर सही झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, आणि सत्र संपेपर्यंत सगळ्यांवर सह्या नसतील तर परीक्षेला बसता येणार नाही. पहिलं प्रॅक्टिकल माझं होतं.

त्या वर्षी एक नवा मुलगा आला. तो यायच्या आधी त्याचा आवाज आला. फरशीवर एक बूट, मग लोखंड, मग पुन्हा बूट. लहानपणी आलेल्या तापात त्याचा उजवा पाय वाळला होता. त्या पायाला कॅलिपर होता. कमरेभोवती लोखंडी पट्टा, तिथून दोन पट्ट्या थेट बुटापर्यंत आणि गुडघ्यापाशी खिट्टी. त्यावर ढगळ पँट. मुलांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'टकटक' ठेवलं.

त्याने टोपलीत किल्ली टाकली, पेन्सिलची डबी टाकली आणि तो माझ्याकडे आला. टेबलाला टेकून उभा राहिला. माझी सुई हलली. मला अजून विजेची तार जोडलेलीही नव्हती.

मित्रांनो, त्या खोलीत चुंबकत्व शिकणारी मुलं होती, शिकवणारे सर होते. तो आत येताना वाजणारं लोखंड सगळ्यांना ऐकू आलं होतं. पण त्याच्या पायाकडे पाहायचं नाही, असं सगळ्यांनी सभ्यपणे ठरवलं होतं. जे पाहायचं नाही असं ठरवलं, त्याचा विचार तरी कोण करणार?

त्याच्या जोडीला एक मुलगा होता. तो इतका बोलायचा की त्याला सगळे बडबड्या म्हणायचे. त्याने आधी रीडिंग घेतली. तेवढा वेळ टकटक लांब बाकावर बसून आकडे लिहून घेत होता. बडबड्याचे आकडे छान आले. मग टकटक उठला.

"किती?" बडबड्याने विचारलं.

"एक्केचाळीस."

"आता प्रवाह उलटा कर. किती?"

"पन्नास."

"लेका, हा काटा आहे की भाजीचा भाव? परत बघ."

परत पाहिलं तर अठ्ठेचाळीस. तिसऱ्यांदा त्रेचाळीस. काटा शून्यावर आणताना तो माझ्या एका बाजूला उभा असायचा. वाचायला वळसा घालून दुसऱ्या बाजूला यायचा. त्याच्याबरोबर कमरेचं लोखंडही फिरायचं, आणि माझी सुई थोडी त्याच्या मागे जायची. मी खरं तेच सांगत होतो. फक्त त्यातलं किती विजेचं आणि किती लोखंडाचं, हे वेगळं करून सांगायची मला सोय नाही.

सरांनी त्याचं जर्नल पाहिलं. "यंत्र एकच, तार एकच, बॅटरी एकच. ह्याची रीडिंग जुळतात आणि तुझी जुळत नाहीत. मग चूक कुणाची?"

"माझी असेल, सर."

"असेल काय? घाई करतोस तू. परत घे."

बडबड्या पुढच्या प्रॅक्टिकलला गेला. टकटक माझ्यापाशीच राहिला.

मागे पडणं कसं असतं, हे मी त्या सत्रात पाहिलं. सुरुवातीला ते लक्षातही येत नाही. शेजारच्या वर्गात थिअरीच्या मॅडम शिकवायच्या आणि त्यांचा आवाज भिंतीतून माझ्यापर्यंत यायचा. पहिल्या चाचणीत टकटकचे गुण वर्गात सगळ्यांत जास्त होते. मॅडमनी त्याचं एक गणित फळ्यावर उतरवून दाखवलं होतं. पण राहिलेल्या प्रॅक्टिकलसाठी सरांनी शनिवारचा तास दिला, आणि नेमका त्याच वेळी मॅडम गणितं सोडवून घ्यायच्या. तो शनिवारी माझ्यासमोर उभा राहायचा आणि भिंतीपलीकडे त्याचा वर्ग पुढे जायचा. मॅडम धारित्रांवर गेल्या. मग तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावर गेल्या. दर आठवड्याला सोडवायला गणितांचा एक कागद मिळायचा. आधी त्याचा एक कागद अपुरा राहिला. मग दुसरा तसाच कोरा राहिला, कारण पहिला समजल्याशिवाय दुसरा समजत नव्हता. पुढे पुढे ते कागद तो घडी करून खिशात ठेवायला लागला. घडी उघडताना मी त्याला कधी पाहिलं नाही.

दुसऱ्या चाचणीनंतर मॅडम त्याला प्रयोगशाळेच्या दारात भेटल्या. "काय झालं रे? पहिल्या वेळी किती छान केलं होतंस."

"प्रॅक्टिकल राहिलंय, मॅडम. ते झालं की सगळं भरून काढतो."

"कितवं राहिलंय?"

"पहिलं."

मॅडम काहीतरी बोलणार होत्या. पण त्यांची नजर त्याच्या पायाकडे गेली, आणि त्या "बरं, बरं, सावकाश कर" म्हणून निघून गेल्या. तेवढं सावकाश करायला सत्र पुरणार नव्हतं.

बडबड्या मधूनमधून डोकवायचा. "तुझं आणि ह्या चाकाचं एकदाचं लग्न लावून देऊ या. रोज भेटता, रोज भांडता."

"जा ना, काम कर तुझं."

"ऐक माझं. सगळे काय करतात, आधी उत्तर काढतात आणि मग रीडिंग. पंचेचाळीस यायला पाहिजेत ना? लिही पंचेचाळीस. काटा काय साक्ष द्यायला येणार आहे?"

एका शनिवारी त्याने ऐकलं. पेन्सिल हातात घेऊन बराच वेळ तो माझ्याकडे न पाहता उभा राहिला, आणि चारही रकान्यांत पंचेचाळीस लिहिले. सरांनी जर्नल पाहिलं. ते चिडले नाहीत. ते हसले, आणि ते जास्त वाईट होतं.

"चारही पंचेचाळीस? काटा इतका आज्ञाधारक नसतो बाळा." मागची दोन मुलंही हसली. सरांनी पानावर आडवी रेघ ओढली. "आता तू माझ्यासमोर रीडिंग घ्यायचीस. एकट्याने. नाहीतर एक सवलत देता येईल. तुझी परिस्थिती मला समजते. जोडीदाराची रीडिंग उतरवून घे, मी सही करतो."

सर हे मनापासून म्हणाले होते, असं मला आजही वाटतं. 

"नको, सर," तो म्हणाला. "मी घेईन."

त्याची ताई शनिवारी त्याला न्यायला यायची. ती एका शिलाईच्या दुकानात काम करायची. खांद्यावर कापडाचे धागे घेऊनच यायची आणि दाराबाहेर बाकावर बसायची. त्या दिवशी तो बाहेर गेला तेव्हा तिचं बोलणं मला ऐकू आलं.

"झालं?"

"नाही."

"कधी होणार? आपले दुकानवाले काका कालच विचारत होते. म्हणाले, वर्ष गेलं तर उगाच ओढाताण नको, दुकानात स्टुलावर बसव त्याला. बसून करायचं काम आहे, त्याला सोसेल."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तो मास्तर होणार आहे, त्याला स्टुलाची गरज नाही. पण दर वेळी मी काय काय सांगू रे? आणि हे बघ, उभा राहतोस ते ठीक. पट्टा सैल करून उभा राहू नकोस. डॉक्टर काय म्हणाले आहेत? हाड कांडीसारखं झालंय."

"माहीत आहे, ताई."

"माहीत असून काय उपयोग? चल. हात धर. नको? बरं, नको."

मग तो दिवस आला, ज्यासाठी मी इतके दिवस डोलत होतो. मधल्या सुट्टीत खोलीत कुणी नव्हतं. त्याने मला शून्यावर आणलं होतं आणि तार अजून जोडायची होती. चष्मा पुसायला तो दोन पावलं मागे गेला. चष्मा लावून पाहतो तर काटा शून्यावर नाही. तो पुढे आला. काटा शून्यावर. तो मागे गेला. काटा सरकला. मग तो डावीकडून आला, उजवीकडून आला. माझी सुई त्याच्याबरोबर फिरत राहिली, गाय वळून गुराख्याकडे बघते तशी.

त्याने खाली पाहिलं. पँटवरूनच कमरेच्या पट्ट्याला हात लावला.

आणि तो हसला. इतक्या आठवड्यांत मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. एखादं अवघड गणित सुटल्यावर मुलं हसतात तसं ते हसू होतं. मला खूप बरं वाटलं. वाटलं, संपलं आता, सुटला हा.

बडबड्या आला तेव्हा त्याने त्याला दाखवलं. मागे, पुढे, मागे, पुढे. बडबड्याची बडबड बंद पडली.

"आपण सगळे गाढव आहोत," तो शेवटी म्हणाला. "चल, सरांना सांगू."

"नाही."

"नाही काय? वेडा आहेस का?"

"काय सांगू? चारही पंचेचाळीस लिहिलेल्या पोराचा नवा बहाणा? आणि पटलं तर सवलत देतील. सगळ्यांसमोर. मग सगळे बघतील."

"मग बघू देत की."

"तुला नाही कळणार."

"बरं, मला नाही कळणार. मग करणार काय तू?"

"पट्टा काढतो. बाहेर ठेवतो. टेबल धरून उभं राहता येतं मला. घरी तसा उभा राहतो कधी कधी."

"आणि पडलास म्हणजे?"

"टेबल असतं हाताशी. ह्या प्रॅक्टिकलची शेवटची पाळी आहे. बाकीच्या प्रॅक्टिकलांसाठी सर दोन दिवस जास्त देणार आहेत. हे एक झालं की उरलेली मी भराभर करतो. बघशील तू. फक्त तू पट्टा घेऊन दाराबाहेर थांब. लांब थांब."

"ताईला माहीत आहे?"

तो टेबलावरच्या तारा आवरायला लागला. मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी तेव्हा बोललो असतो. पण माझ्याजवळ एक काटा, तोही अंश दाखवायचा.

शेवटच्या पाळीला खोलीत सात-आठ मुलं होती. सर समोरच्या टोकाला आपल्या टेबलाशी बसून जर्नलांचा ढीग उपसत होते. शेजारच्या रिकाम्या खोलीत जाऊन त्याने बुटासकट कॅलिपर काढला आणि बडबड्याच्या हातात दिला. मग भिंत धरून, पहिलं टेबल धरून, दुसरं टेबल धरून तो माझ्यापर्यंत आला. त्या दिवशी लोखंडाचा आवाज झाला नाही. रोज तो आवाज ऐकून हसणाऱ्या मुलांना तो आज नाही, हे कळलं नाही. सरांनाही कळलं नाही.

माझी सुई शांत होती. इतकी शांत ती त्याच्यासमोर कधीच नव्हती.

त्याने डाव्या हाताने टेबलाची कड धरली. उजव्या हाताने मला हळूहळू फिरवून शून्यावर आणलं, तारा जोडल्या, कळ दाबली. मी डोललो. काचेवर टिचकी न मारता तो थांबला. वाकून, आरशात काटा आणि प्रतिबिंब एक होईपर्यंत त्याने पाहिलं. चव्वेचाळीस. दुसरं टोक, पंचेचाळीस. प्रवाह उलटा केला. पंचेचाळीस. शेहेचाळीस. त्याने पेन्सिलीने लिहिलं. मग प्रवाह बदलून पुन्हा सगळं. त्याच्या कपाळावरचा घाम माझ्या काचेवर पडला, तो त्याने बाहीने पुसला. डावा पाय थरथरत होता, ते मला टेबलातून कळत होतं. पण आकडे जुळत होते. प्रत्येक वेळी जुळत होते.

शेवटचा आकडा लिहून त्याने मान वर केली. "सर, झालं."

सरांनी ढिगातून वर पाहिलं नाही. "घेऊन ये."

मित्रांनो, यात रागावण्यासारखं काय आहे? प्रत्येक मुलाला सर असंच म्हणायचे. मुलं जर्नल घेऊन जायची आणि सही घेऊन यायची. माझ्यापासून सरांच्या टेबलापर्यंत मध्ये मोकळी फरशी होती. धरायला काही नव्हतं.

त्याला म्हणता आलं असतं, सर, तुम्हीच या. बडबड्याला हाक मारता आली असती. त्याने एकदा दाराकडे पाहिलं, आणि दार लांब होतं, कारण त्यानेच लांब थांबायला सांगितलं होतं. मग जर्नल छातीशी धरून त्याने टेबल सोडलं. एक पाऊल नीट पडलं. दुसरं पडलं नाही.

लाकडाची फळी मोडल्यासारखा आवाज झाला. तो हाडाचा होता.

बडबड्या धावत आत आला. हातातलं लोखंड त्याने समोर दिसलं त्या टेबलावर, म्हणजे माझ्याशेजारी, टाकलं आणि तो खाली बसला. सर धावले. काका स्ट्रेचर आणायला गेले. तो मुलगा ओरडला नाही. एवढंच म्हणत होता, "सर, पान दुमडलं का बघा. पान दुमडलं का बघा."

त्याला नेल्यावर खोली रिकामी झाली. सर परत आले ते जर्नल उचलायला. त्यांनी पान उघडलं, आकडे पाहिले, आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. वीज बंद होती. तरी माझा काटा शून्यापासून कितीतरी दूर, शेजारच्या कॅलिपरमुळे वळून तसाच थांबला होता. सरांनी तो कॅलिपर उचलला. काटा परत आला. पुन्हा जवळ आणला. काटा गेला. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती, पण त्यांनी तिसऱ्यांदा केलं. मग ते बाकावर बसले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

चार-पाच दिवसांनी ताई आली. टोपलीतली किल्ली, पेन्सिलची डबी आणि कॅलिपर न्यायला.

"कसा आहे?" सरांनी विचारलं.

"मांडीचं हाड आहे. कमरेपर्यंत प्लॅस्टर घातलंय. बोलत नाही फारसं."

"त्याला सांगा, रीडिंग बरोबर आहेत. मी सही केली आहे." मग जरा थांबून सर म्हणाले, "आधीही तो चुकत नव्हता. कॅलिपरचं लोखंड काट्याला ओढत होतं. आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही."

ताई कॅलिपर हातात घेऊन उभी होती. "कुणी विचारलं नाही त्याला?"

"तसं विचारणं... बरं दिसत नाही, म्हणून."

"आणि टकटक म्हणणं बरं दिसत होतं?"

 तीच पुन्हा म्हणाली, "सही झाली म्हणता. मग आता परीक्षेला बसेल तो?"

"नाही. बाकीची प्रॅक्टिकलं राहिली आहेत. मुदत संपली. मी वर विचारून पाहिलं, ते नाही म्हणाले. पुढच्या वर्षी..."

"मग सही कशाला केलीत, सर?"

ती हे भांडायला म्हणाली नव्हती. तिला खरंच समजत नव्हतं.  तिने वस्तू पिशवीत भरल्या, आणि ती जाताना ते लोखंड पिशवीत वाजत होतं.

पुढच्या वर्षी तो आला नाही. हाड आखूड जुळलं, असं बडबड्या प्रयोगशाळेतल्या काकांना सांगत होता. टकटक आता त्याच्या काकांच्या दुकानात स्टुलावर बसतो. बडबड्या त्याला भेटायला जायचा. पुढे त्याचंही जाणं कमी झालं. जे घडलं त्याचा बडबड्यावर असा परिणाम झाला की सत्र संपेपर्यंत तो माझ्या टेबलाजवळून जाताना एक शब्द बोलायचा नाही.

सरांनी एक केलं. त्यानंतर ते तासाआधी एकेका मुलाला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारायचे, "तुझ्या अंगावर काही लोखंडाचं आहे का? कशालाही लाजू नकोस." मुलांना ते विचित्र वाटायचं. दोन वर्षांनी सरांची बदली झाली. नवे सर दारात उभे राहून किल्ल्या आणि मोबाइल तेवढे टोपलीत टाकायला लावायचे.

मग पडद्यावर आकडे दाखवणारी यंत्रं आली आणि मला टेबलावरून उचललं. आता मी एका कपाटात आहे. कपाट लोखंडी आहे. माझी सुई दाराच्या बिजागरीकडे वळून राहिली आहे, आणि उत्तर दिशा कुठे आहे, हे मला कळेनासं झालं आहे. इथे माझ्यावर कापड कधी घातलं गेलं नाही. तार हिरवी पडली आहे. मला पुसा, तेल द्या, असं म्हणायला मी हे बोलत नाही. माझं जे व्हायचं ते झालं.

मित्रांनो, तुमच्याही वर्गात कुणीतरी मागे राहत असेल. त्याची गणितं अपुरी असतील, वह्या कोऱ्या असतील, आणि तो "माझीच चूक असेल" म्हणत असेल. तो आळशी आहे की हळू आहे, हे ठरवण्याआधी एकदा त्याच्याजवळ जाऊन उभे राहा. त्याला कशाचं ओझं आहे, कशाचा अडथळा आहे, ते विचारा. ज्या गोष्टीकडे पाहायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं आहे, तिच्याबद्दलही विचारा. मला ठाऊक आहे, विचारताना तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या. त्याला ते रोज होत असतं.